गोडाची ओढ आणि चुकलेली न्याहारी



संक्रांत तोंडावर आली आहे. घरोघरी तीळ भाजले जातील, गुळाचा पाक होईल. त्या तिळगुळाविरुद्ध लिहायला मी बसलेलो नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या सणाच्या गोडाने सहसा कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते रोजच्या साखरेने. ती ताटात दिसत नाही, कपात विरघळलेली असते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आपल्या जामच्या चौरस्त्याचेच पाहा. नागपूरकडून येणारा महामार्ग इथून हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो आणि चंद्रपूरचा रस्ता इथेच फुटतो. जिथे वाहन थांबते तिथे चहाची शेगडी पेटते. सकाळी उठल्याबरोबर घरी एक कप, वावरात जाण्यापूर्वी एक, बाजाराला जाताना चौरस्त्यावर एक, कृषी केंद्रात दुकानदाराने मागवलेला एक, परतताना एक आणि संध्याकाळी पाहुणा आला म्हणून आणखी एक. कपाला दीड चमचा साखर धरली तरी सहा कपांत नऊ चमचे होतात. वजनात हे सुमारे ४० ग्रॅम भरते. बिस्किटे, पेढा किंवा थंड पेयाची बाटली यात धरलेलीच नाही.

घरच्या साखरेचा ताळेबंद

आपण पेरणीला बियाणे मोजतो, फवारणीला औषध मोजतो. साखरही मोजून पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, दिवसभराच्या आहारातील एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा आणि पाच टक्क्यांच्या आत आणता आला तर अधिक चांगले. २००० उष्मांक घेणाऱ्या माणसाला दहा टक्के म्हणजे सुमारे ५० ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. या मापात साखर, गूळ, मध आणि बाजारच्या पदार्थांतील गोड असे सगळे येते. अख्ख्या फळातील आणि दुधातील नैसर्गिक गोडी त्यात मोजत नाहीत.

२५ ग्रॅमला तीस दिवसांनी गुणले की ७५० ग्रॅम होतात. म्हणजे माणशी महिन्याला पाऊण किलो. आता स्वयंपाकघरात जाऊन विचारा, महिन्याला साखर किती येते आणि गूळ किती येतो. त्याला घरातल्या माणसांनी भागा. पाच माणसांच्या घरात सहा किलो साखर आणि एक किलो गूळ येत असेल, तर माणशी १ किलो ४०० ग्रॅम झाले. मूल सहा वर्षांचे असेल तर त्याचा वाटा याहून लहान हवा, हेही ध्यानात ठेवा.

पूर्वी साखर रेशनकार्डावर मोजून मिळे. दिवाळीला थोडी जास्त मिळाली की घरात आनंद होई. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देत. आता दुकानात हवी तेवढी साखर मिळते आणि जे सणाचे होते ते रोजचे झाले आहे.

कष्टकऱ्याला साखर बाधत नाही काय?

असा समज आपल्याकडे फार आहे. "आम्ही राबतो, आमची साखर घामातून जाते," असे लोक म्हणतात. यात थोडे तथ्य आहे. अंगमेहनत करणारे शरीर साखर लवकर खर्च करते. पण बंधूंनो, आज नांगरणी ट्रॅक्टरने होते, बाजाराला जायला मोटारसायकल आहे आणि चहाचे कप मात्र वाढले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ग्रामीण भागातील प्रौढांत हे प्रमाण ८.९ टक्के आढळले. म्हणजे शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ. हा आता फक्त शहरातल्या गादीवर बसणाऱ्यांचा रोग राहिलेला नाही.

मधुमेह केवळ साखर खाल्ल्याने होतो असे नाही. आनुवंशिकता, वाढते वजन, पोटाचा घेर, बसून राहणे अशी कारणे आहेत. पण रोजची जास्तीची साखर वजन वाढवायला हातभार लावते आणि दात तर नक्कीच किडवते. म्हणून ती आवरण्यातच शहाणपण आहे.

गोडाची ओढ का लागते?

"साखर कमी करा" असे सांगणे सोपे आहे. पण दुपारी चार वाजता जीव गोडासाठी कासावीस होतो, त्याचे काय? त्यामागे काय आहे ते आधी समजून घेऊ.

कापूस वेचणीच्या दिवसांतली घरची बाई डोळ्यांसमोर आणा. ती पहाटे पाचला उठते. झाडलोट, पाणी, सगळ्यांचे डबे. मुले शाळेत जातात, घरधनी न्याहारी करून निघतो. हिच्या पोटात तोवर गोड चहाचा एक कप असतो. भाकर फडक्यात बांधून ती वावरात नेते आणि ते फडके दुपारी एकला सुटते. मध्ये दहा-साडेदहाला डोके जड होते, हात थकतात, कशातच लक्ष लागत नाही. मग थर्मासमधला आणखी एक गोड चहा. तेवढ्यापुरती हुशारी येते आणि तासा-दीड तासात पुन्हा तेच.

आता सांगा, या बाईला गोडाची हौस आहे असे म्हणावे काय? मी तर म्हणेन, तिची न्याहारी चुकली आहे आणि साखर त्या न्याहारीच्या जागी येऊन बसली आहे. नुसती साखर पोटात गेली की ती झटकन रक्तात उतरते आणि भराभर संपते. भूक पुन्हा उभी राहते. भाकर, डाळ, शेंगदाणे यांतील चोथा, प्रथिने आणि स्निग्धांश हळू पचतात, म्हणून पोट दीर्घकाळ धरून राहते. ओली तुऱ्हाटी आणि वाळलेले पऱ्हाटीचे खोड यांच्या जळण्यात जेवढा फरक, तेवढा फरक इथे उलट्या अंगाने आहे. एक भडकते आणि विझते, दुसरे सावकाश धग देते.

दुसरे कारण तहान. उन्हात काम करताना पाणी कमी पडले की थकवा येतो आणि आपण तो चहाने भागवू पाहतो. तिसरे कारण अपुरी झोप. रात्रीच्या विजेवर ओलित करणाऱ्या शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी सारखे काहीतरी खावेसे, विशेषतः गोड खावेसे वाटते, हा अनुभव पुष्कळांचा आहे. झोप कमी झाली की भूक वाढते, हे संशोधनातही दिसून आले आहे. चौथे कारण निव्वळ सवय. चौरस्ता दिसला की चहा आठवतो, जेवण संपले की जिभेला गोड लागते.

वर्ध्याची जुनी शिकवण आणि गुळाचा प्रश्न

साखर आणि गूळ यांचा वाद आपल्या जिल्ह्याला नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा त्याचे कार्यवाह होते. हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, ताडगूळ, उसाचा गूळ या सर्वांचा त्या मंडळींनी पुरस्कार केला. गिरणीच्या पांढऱ्या साखरेपेक्षा गुळात पोषक द्रव्ये अधिक राहतात आणि खेड्यातल्या माणसाला काम मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. सेवाग्रामच्या प्रार्थनेत जी एकादश व्रते म्हटली जातात, त्यात 'अस्वाद' हे एक व्रत आहे. जिभेच्या तंत्राने चालू नये, शरीराला हवे ते खावे, असा त्याचा सरळ अर्थ.

यातून काही लोक असा निष्कर्ष काढतात की गूळ कितीही खावा. तसे नाही. गुळात लोह आणि काही क्षार थोड्या प्रमाणात असतात हे खरे. पण शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, तर शंभर ग्रॅम गुळात सुमारे ३८०. फरक फारसा नाही. रक्तातील साखरही गुळाने वाढतेच. एक चमचा साखर सोडून दोन चमचे गूळ घातला तर नुकसानच आहे. मधाचेही तसेच. जिभेची गोडाची मागणी कमी झाली पाहिजे. नुसता डबा बदलून भागणार नाही.

आता करायचे काय?

पहिले आणि सर्वांत मोठे काम न्याहारीचे. घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या बाईने, कामाला निघण्यापूर्वी पोटभर खाल्ले पाहिजे. रात्रीचे वरण असेल तर ते गरम करा. नाहीतर झुणका, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, उसळ, यांपैकी काहीही भाकरीसोबत चालेल. ज्या घरात "आधी सगळ्यांचे होऊ दे, मग मी" अशी रीत आहे, तिथे घरधन्याने आणि सासूबाईंनी ती मोडावी. सूनबाईला म्हणावे, "डबे नंतर बांध, आधी दोन घास खाऊन घे." हे औषध फुकटचे आहे. त्याला लागतात ती पंधरा मिनिटे. ती मिळावीत म्हणून पाणी भरणे, मुलांची वेणीफणी, गोठ्याची झाडलोट यांतले एखादे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने उचलावे.

दुसरे, चहातली साखर हळूहळू उतरवा. एकदम बंद केली की तीन दिवसांत माणूस परत जुन्या वाटेला लागतो. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. दीड चमचा असेल तर चार आठवड्यांत तो अर्ध्यावर येतो. घराचा चहा एकाच पातेल्यात होतो, त्यामुळे सगळ्यांची साखर एकदम उतरते. मुठीने साखर टाकण्याऐवजी चमच्याने मोजून टाका. जीभ शिकते, हे ध्यानात घ्या. अमेरिकेतील एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही लोकांनी तीन महिने आहारातली साखर बरीच कमी केली. सुमारे दुसऱ्या महिन्यापासून तोच गोड पदार्थ त्यांना पहिल्यापेक्षा अधिक गोड लागू लागला. म्हणजे थोड्या साखरेत पूर्वीइतकी गोडी मिळते. पण याला धीर लागतो. पहिले पंधरा दिवस चहा फिका लागेल, तेव्हा आले, वेलची किंवा गवती चहा टाका.

तिसरे, चार वाजताची सोय आधीच करून ठेवा. खिशात किंवा पदराला मूठभर फुटाणे बांधा. तीस ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. भाजलेले शेंगदाणे, उकडलेला हरभरा, मोड आलेली मटकी, पेरू, बोरे, संत्रे, यांपैकी जे हाताशी असेल ते खा. फळाचा रस काढू नका, अख्खे फळ खा. गोडी तीच असली तरी चोथ्यामुळे ती हळू उतरते आणि पोटही भरते.

चौथे, ओढ लागली की आधी तांब्याभर पाणी किंवा जिऱ्याचे पातळ ताक प्या आणि बांधापर्यंत एक फेरी मारून या. पंधरा मिनिटांत पुष्कळदा ओढ ओसरते. जेवणानंतर गोड लागत असेल तर खळखळून चूळ भरा आणि बडीशेप चावा. आवळा चावून वर पाणी प्यायले की तोंड आपोआप गोड होते. ही लहानपणची गंमत मोठेपणीही उपयोगी आहे.

पाचवे, मुलांना बक्षीस म्हणून बिस्किट किंवा गोळी देऊ नका. रडले की गोड, अभ्यास केला की गोड, असे झाले की ओढीचे बीज आपणच पेरतो. थंड पेयाच्या शंभर मिलिलिटरमध्ये साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते. पाव लिटरच्या एका बाटलीत मोठ्या माणसाचा दिवसभराचा कोटा संपतो. खाऊ हवाच असेल तर शेंगदाण्याचा लहानसा लाडू द्या, आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी.

वावरातून घरात

मी शेती खात्याचा माणूस, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एके काळी आपल्याकडे कापसाबरोबर ज्वारी असायचीच. पुढे सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे हटली. रानडुकरे आणि पाखरे यांचा त्रासही आहेच. पण त्यामुळे पोट धरून ठेवणारे धान्य घरातून गेले आणि सोयाबीन तर आपण सारेच विकतो. घरापुरती ज्वारी एखाद्या तुकड्यात जमत असेल तर जरूर घ्या.

सोयाबीन विकताना दहा-वीस किलो घरी ठेवा. स्वच्छ करून उकळत्या पाण्यात अर्धा तास शिजू द्या, उन्हात कडक वाळवा आणि नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळा. कच्चे सोयाबीन दळू नका, ते पचत नाही. पोळीतील प्रथिने यामुळे वाढतात.

हरभऱ्याचाही हिशेब करू. पाच माणसांना रोज तीस ग्रॅमप्रमाणे फुटाणे दिले, तर महिन्याला साडेचार किलो लागतात आणि वर्षाला ५४ किलो. म्हणजे अर्ध्या क्विंटलच्या थोडे वर. हरभरा काढल्यावर पोती बाजारात जाण्याआधी घरचा हा वाटा बाजूला काढा. परसात एक पेरू, एक लिंबू, एक शेवगा आणि जागा असेल तर आवळा लावा. सांडपाण्यावर ही झाडे जगतात.

बेडकीच्या पाल्याविषयी

गोडाची ओढ घालवणाऱ्या वनस्पतीबद्दल पुष्कळजण विचारतात. तिला कोणी बेडकीचा पाला, कोणी गुडमार, कोणी मधुनाशिनी म्हणतात. हा रानात आढळणारा वेल आहे. त्याचे पान चावल्यावर साखर तोंडात टाकली तर ती वाळूसारखी बेचव लागते. पानातील द्रव्ये जिभेवरील गोड ओळखणाऱ्या जागा काही काळ अडवून ठेवतात, म्हणून असे होते. अर्ध्या-एक तासात चव परत येते. गंमत म्हणून किंवा सवय मोडायला पहिल्या दिवसांत आधार म्हणून ते ठीक आहे. पण अनोळखी वेलाचे पान केवळ कोणी सांगितले म्हणून तोंडात घालू नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो पाला, त्याचे चूर्ण किंवा काढा घेऊ नका. रक्तातली साखर गरजेपेक्षा खाली जाण्याचा धोका असतो. आणि पाल्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

इथेच एक महत्त्वाची गोष्ट. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला एकाएकी दरदरून घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर ती साधी ओढ समजू नका. तो शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळून पाजा, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि दवाखान्यात न्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. अशा वेळी साखर हेच औषध आहे.

सारखी तहान, वारंवार लघवी, विनाकारण वजन उतरणे, जखम लवकर न भरणे यांपैकी काही दिसत असेल तर रक्त तपासून घ्या. तीस वर्षांवरील माणसांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताईंना विचारा.

पाहुण्याचे काय करावे?

एका भगिनीने विचारले, "साखर कमी टाकली तर पाहुणे नावे ठेवतात, काय करू?" प्रश्न खरा आहे. "साखर महाग झाली काय हो?" असा टोमणा आपल्याकडे सहज मारला जातो. यावर सोपा उपाय असा की, चहा कमी गोड करावा आणि साखरेची वाटी चमच्यासह पुढे ठेवावी. ज्याला हवी तो घेईल. उन्हाळ्यात चहाऐवजी ताक विचारावे. आणि आपण पाहुणे म्हणून गेलो की "घ्या ना भाऊ, अर्धा कप तरी" असा आग्रह होतो, तेव्हा "आज फक्त पाणी द्या, चहा झाला" असे हसून सांगावे. चार घरांनी सुरू केले की गावाची रीत बदलायला वेळ लागत नाही.

या महिन्याच्या पहिल्या तारखेला साखरेचा डबा तोलून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वजन लिहा. महिन्यात जितकी साखर आणि गूळ येईल तेही लिहा. तिळगुळाचा गूळ वेगळा लिहा, सणाचा म्हणून. महिना संपला की पुन्हा डबा तोला, उरलेले वजा करा आणि राहिलेल्या आकड्याला माणसांनी भागा. पाऊण किलोच्या वर येत असेल तर पुढच्या महिन्यात पाव किलो उतरवायचे ठरवा. आणि त्याच दिनदर्शिकेवर रोज एक खूण करा, सकाळी घरातली बाई जेवून निघाली की नाही त्याची. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा आणि मला जरूर कळवा.